बियाणे आज खावे का?

दुष्काळी वर्षात शेतकऱ्याच्या घरी एक अवघड प्रश्न उभा राहतो. कणगी रिकामी होत आलेली असते, पण कोपऱ्यातल्या मडक्यात पुढच्या पेरणीसाठी निवडून, राख लावून ठेवलेले बियाणे असते. ते दळून आजची भाकरी करावी, की पोटाला चिमटा घेऊन मिरगाची वाट पाहावी? बियाणे खाऊ नये, असे आपण सहज म्हणून जातो. पण आजचा दिवसच निभावला नाही, तर पेरणी करणार कोण?

अशाच तऱ्हेचा प्रश्न दर वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेतील बेसबॉल संघांच्या चालकांपुढे येतो. गंमत अशी, की तिकडे तरुण खेळाडू तयार करणाऱ्या दुय्यम संघांना 'फार्म' म्हणजे शेतच म्हणतात! १९२०च्या दशकात सेंट लुइस संघाच्या ब्रँच रिकी या चालकाने ही पद्धत नावारूपाला आणली. या शेतात वाढणारी होतकरू मुले दुसऱ्या संघाला देऊन टाकावीत आणि त्यांच्या बदल्यात दोन-तीन महिन्यांपुरता एखादा नामांकित खेळाडू आणावा का? वर्तमानपत्रांतून यावर हिरिरीने वाद होतात. पण त्या वादाचा बराच भाग नुसत्या अंकगणिताने सोडवता येतो, आणि ते अंकगणित तुम्हाला जमण्यासारखे आहे. म्हणून तर हा लेख.

खेळाची थोडी ओळख

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. तूर्त एवढे पुरे, की चेंडू टाकणाऱ्याला 'पिचर' म्हणतात, सामना प्रत्येक बाजूच्या नऊ-नऊ डावांचा असतो आणि तो सहसा अनिर्णित सुटत नाही. डाव बरोबरीत आले तर निकाल लागेपर्यंत खेळत राहतात. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारणपणे पाच दिवसांनी पुन्हा मैदानात उतरतो, कारण हाताला विश्रांती लागते.

मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. इतक्या सामन्यांनंतर जे संघ वरचे ठरतात, त्यांच्यात ऑक्टोबरमध्ये अंतिम फेऱ्या होतात. शेवटच्या फेरीला 'वर्ल्ड सीरीज' असे भारदस्त नाव आहे.

आता खेळाडूंच्या कराराची गोष्ट. तरुण खेळाडू मुख्य संघात आला, की साधारण सहा मोसम तो त्या संघाशी बांधलेला असतो आणि सुरुवातीची काही वर्षे त्याला पगारही बेताचा मिळतो. मुदत संपल्यावर तो मोकळा होतो आणि जास्त पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. समजा एखादा संघ जुलैअखेर तळाला पडला आहे. त्याच्याकडे एक उत्तम पिचर आहे, पण त्याचा करार या मोसमाबरोबर संपणार आहे. या संघाला त्या पिचरचा आता काय उपयोग? दोन सामने जास्त जिंकले काय आणि हरले काय! उलट वरच्या क्रमांकासाठी झुंजणाऱ्या संघाला तोच पिचर सोन्यासारखा वाटतो. विभवांतर असल्याशिवाय तारेतून वीज वाहत नाही, हे तुम्ही शिकला आहात. इथेही तसेच. एकाच खेळाडूची किंमत दोन ठिकाणी वेगवेगळी असते, म्हणूनच सौदा होतो.

डेट्रॉइटचा सौदा

१९८७चा ऑगस्ट महिना. डेट्रॉइट टायगर्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यात अटीतटीची चुरस चालली होती. आज हे सौदे मोसमाच्या मध्यावर, साधारण जुलैअखेरीस बंद होतात. त्या काळी काही अटी पाळून ऑगस्टमध्येही करता येत. १२ ऑगस्टला डेट्रॉइटने अटलांटा संघाकडून डॉयल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा अनुभवी पिचर घेतला आणि बदल्यात वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ नावाचा मुलगा दिला. स्मोल्ट्झ डेट्रॉइट ज्या मिशिगन राज्यात आहे तिथलाच. दुय्यम संघात त्या वर्षी तो जिंकण्यापेक्षा हरतच जास्त होता.

अलेक्झांडरने कमाल केली. डेट्रॉइटसाठी त्याने ११ सामन्यांची सुरुवात केली. त्याच्या नावावर नऊ विजय जमा झाले आणि पराभव एकही नाही. शेवटच्या तीन दिवसांत हेच दोन संघ एकमेकांशी भिडले आणि डेट्रॉइटने तिन्ही सामने एकेका धावेने जिंकले. मोसमाअखेर डेट्रॉइटचे विजय ९८, टोरांटोचे ९६. त्या काळी गटात पहिला येणाराच पुढे जाई. दुसऱ्याने घरी बसायचे. म्हणजे सौदा फळला की नाही?

थांबा. पुढच्या फेरीत डेट्रॉइटची गाठ मिनेसोटाशी पडली. मिनेसोटाने मोसमभरात ८५च सामने जिंकले होते. तरी त्यांनी डेट्रॉइटला ४-१ असे हरवले. त्यांपैकी दोन पराभव अलेक्झांडरच्या नावावर लागले. वर्ल्ड सीरीजही मिनेसोटानेच जिंकली. आणि तो वीस वर्षांचा मुलगा? स्मोल्ट्झने पुढे २१३ सामने जिंकले, १९९६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा 'साय यंग' पुरस्कार मिळवला, १९९५ मध्ये वर्ल्ड सीरीज जिंकणाऱ्या अटलांटा संघात तो होता, आणि २०१५ मध्ये खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली. डेट्रॉइटला मात्र पुन्हा अंतिम फेऱ्या दिसल्या त्या थेट २००६ साली.

मूर्खपणाचा सौदा म्हणून हा आजही सांगितला जातो. तो खरोखर मूर्खपणाचा होता का, हे ठरवण्याआधी आपण हिशेब करू.

एक खेळाडू किती विजय आणतो?

'नऊ विजय, शून्य पराभव' म्हणजे अलेक्झांडरने डेट्रॉइटला नऊ जास्तीचे विजय मिळवून दिले, असे तुम्ही म्हणाल. पण त्याच्या जागी दुसरा कोणी सामान्य पिचर असता, तर संघ काय सगळेच सामने हरला असता? निम्मे तरी जिंकलाच असता. शिवाय फलंदाजांनी केलेल्या धावांचे श्रेयही पिचरच्या खात्यावर पडते. म्हणून हिशेब विजयांचा न करता धावांचा करणे बरे.

समजा ६० सामने उरले आहेत. पाचांतून एकदा म्हणजे नवा पिचर १२ वेळा उतरेल. तो अगदी पहिल्या प्रतीचा असेल, तर सामान्य पिचरपेक्षा प्रत्येक सामन्यात दीड धाव कमी देईल. एकूण वाचल्या १८ धावा. बेसबॉलच्या अनेक वर्षांच्या आकड्यांवरून असे दिसून आले आहे, की मोसमभरात दर दहा धावांमागे सुमारे एक विजय वाढतो. तेव्हा १८ धावांचे झाले जेमतेम दोन विजय.

फक्त दोन! एवढा गाजावाजा, एवढी मुले द्यायची, आणि पदरात काय, तर दोन विजय. एकटा खेळाडू संघाचे नशीब पालटतो, ही समजूत क्रिकेटमध्येही आपल्याला फार प्रिय आहे. पण आकड्यांना ती मान्य नाही.

आता दैवाचा भाग बघा. दोन तुल्यबळ संघांचे ६० सामने म्हणजे ६० वेळा नाणे उडवण्यासारखेच. सरासरी ३० छापे पडतील हे खरे, पण दर वेळी बरोबर ३० पडणार नाहीत. किती चढउतार होईल, याचा एक सोपा नियम आहे. नाणे जितक्या वेळा उडवले त्या संख्येच्या वर्गमूळाची निमपट घ्या. ६०चे वर्गमूळ सुमारे ७.७, त्याची निमपट ३.९. म्हणजे ३०च्या आसपास चार इकडे, चार तिकडे हे नित्याचेच. गणितात याला प्रमाण विचलन म्हणतात. दोन संघांच्या विजयांतील फरक पाहिला, तर हा चढउतार आणखी वाढतो आणि साडेपाचाच्या घरात जातो. साडेपाच विजयांच्या या लाटांत आपले दोन विजय म्हणजे एक लहानशी तरफळी. मग त्यांचा उपयोग शून्य का?

नाही. आणि इथेच या प्रश्नाची खरी मेख आहे.

समजा आपला संघ आणि प्रतिस्पर्धी आज अगदी बरोबरीत आहेत. पुढे जाण्याची शक्यता १०० पैकी ५०. आपल्या बाजूला दोन विजयांची भर घातली, तर ती होते ६४. म्हणजे चौदाने वाढली! आता समजा आपण दहा विजयांनी पुढे आहोत. नवा खेळाडू न आणताही आपली शक्यता १०० पैकी सुमारे ९७ आहे. त्याला आणल्यावर ती होईल ९९. वाढ दोनची. दहा विजयांनी मागे असू, तर शक्यता तीनवरून सातवर जाईल. वीस विजयांनी मागे असू, तर आकाशातून देवदूत उतरला तरी शक्यता हजारात एकही नाही. (हे आकडे दोनच संघ झुंजत आहेत आणि दोघे तुल्यबळ आहेत, असे धरून काढलेले ठोकळ आकडे आहेत. प्रत्यक्षात संघ अनेक असतात, पण मुद्दा तोच राहतो.)

खेळाडू तोच, विजयही दोनच. पण एका ठिकाणी त्यांची किंमत चौदा आणि दुसऱ्या ठिकाणी दोन. तुम्ही आलेख काढलात, तर तो घाटातल्या रस्त्यासारखा दिसेल. पायथ्याशी सपाट, माथ्यावर सपाट, मध्ये खडा चढ. तेव्हा "होतकरू मुले द्यावीत का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपण घाटात कोणत्या वळणावर उभे आहोत, हे आधी विचारले पाहिजे.

डेट्रॉइट अगदी खड्या चढावर होते. मिलवॉकी संघही २००८ साली तसाच होता. त्यांनी जुलैत क्लीव्हलँडकडून सी. सी. सबाथिया हा धिप्पाड डावखुरा पिचर आणला आणि चार तरुण दिले. सबाथियाने १७ सामन्यांची सुरुवात करून ११ जिंकले, दोनच गमावले. शेवटी शेवटी तर तो पुरेशी विश्रांती न घेता उतरत होता. मिलवॉकीने ९० सामने जिंकले, न्यूयॉर्क मेट्सने ८९. एका विजयाच्या फरकाने मिलवॉकी पुढे गेले, तेही १९८२ नंतर प्रथमच. पहिल्याच फेरीत ते हरले आणि सबाथिया मोसम संपल्यावर न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे निघून गेला, हे खरे. पण सव्वीस वर्षे वाट पाहणाऱ्या त्या गावाला विचारा, सौदा महाग पडला का!

बियाण्याची किंमत

आता दुसरे पारडे भरू. जे मूल आपण देतो, त्याची किंमत काय? तो पुढे स्मोल्ट्झ होईल हे कोणालाच माहीत नसते. म्हणून इथेही शक्यतेनेच मोजायचे. समजा, अशा दहा मुलांपैकी सहा मुख्य संघात टिकतच नाहीत, तिघे बेताचे निघतात व सहा वर्षांत मिळून प्रत्येकी आठ विजयांची भर घालतात, आणि एक जण तारा होऊन २५ विजय आणतो. (हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, तुम्ही वेगळे धरून पाहा.) दहांचे मिळून झाले २४ अधिक २५, म्हणजे ४९. दर मुलामागे सुमारे पाच विजय.

एकीकडे आजचे दोन, दुसरीकडे उद्याचे पाच. मग उद्याचेच पारडे जड, नाही का? पण आताच आपण शिकलो, की सगळे विजय सारख्या किमतीचे नसतात. उद्याचे पाच विजय सहा वर्षांत विखुरलेले असतात. त्यांतल्या काही वर्षी आपला संघ तळाला असेल, काही वर्षी सहज पुढे असेल. संपूर्ण मोसमाच्या सुरुवातीला, चुरस बरोबरीची असली तरी, एका विजयाने शक्यता सुमारे चारने वाढते. वाया जाणारी वर्षे धरली तर सरासरी दोनच धरू. पाच विजयांचे झाले दहा. आता तुलना करा. चुरशीच्या मधोमध असू, तर आज मिळतात चौदा आणि सोडतो दहा. सौदा करण्यासारखा आहे. दहा विजयांनी पुढे असू, तर मिळतात दोन आणि सोडतो दहा. असा सौदा करणारा चालक पहिल्या पावसाआधीच बियाणे चुलीत घालतो आहे.

मुलांच्या बाबतीत अंदाज किती चुकतात, हे त्या सबाथियाच्या सौद्यातच दिसते. क्लीव्हलँडला मिळालेल्या मुलांत सर्वांत नावाजलेला होता मॅट लापोर्टा. आदल्या वर्षीच्या निवडीत त्याचा क्रमांक देशात सातवा होता. तो काही चमकला नाही आणि २०१२ नंतर मुख्य संघात दिसलाच नाही. चौथा खेळाडू तर सौद्याच्या वेळी नक्कीही केलेला नव्हता. त्याचे नाव नंतर ठरले. तो मायकेल ब्रँटली पुढे पाच वेळा निवडक सर्वोत्तमांच्या 'ऑल स्टार' संघात गेला.

म्हणूनच स्मोल्ट्झचे उदाहरण देऊन डेट्रॉइटला हसणारे लोक मला पटत नाहीत. १९९० मध्ये बॉस्टनने ३७ वर्षांच्या लॅरी अँडरसनसाठी जेफ बॅगवेल नावाचा तरुण ह्यूस्टनला दिला. अँडरसनने बॉस्टनसाठी फक्त २२ डाव चेंडू टाकले. बॅगवेलने पंधरा मोसमांत ४४९ होमरन मारले आणि तोही 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. ही दोन नावे सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण असेच दिले गेलेले आणि पुढे काहीच न झालेले शेकडो तरुण कोणाला आठवतात? प्रयोगवहीत फक्त मनाजोगती निरीक्षणे लिहून बाकीची खोडून टाकावीत, तसला हा प्रकार. सौद्याची पारख करायची, तर सौद्याच्या दिवशी काय माहीत होते त्यावरून करावी. बॉस्टनच्या बाबतीत मात्र मी नाक मुरडीन, कारण इतक्या थोड्या डावांसाठी आणलेला पिचर कितीही चांगला असला, तरी तो एक विजयही पुरता आणू शकत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबाबाहेरची आहे. संघाच्या चालकाला आपल्या नोकरीची काळजी असते. मुलाचे फळ मिळायला पाच-सहा वर्षे लागणार आणि चालकाला कदाचित पुढच्याच वर्षी काढून टाकतील. ज्याला पुढच्या पेरणीपर्यंत घरात राहायचेच नाही, त्याच्या हाती कोठाराची किल्ली दिल्यावर काय होणार?

ऑक्टोबरचे नाणे

आतापर्यंत आपण फक्त अंतिम फेऱ्यांत पोहोचण्याची गोष्ट केली. पण पुढे काय? समजा आपला संघ सरस आहे, इतका की कोणत्याही एका सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता १०० पैकी ५५ आहे. सातपैकी चार जिंकायच्या फेरीत तो पुढे जाण्याची शक्यता निघते ६१. अशा तीन फेऱ्या ओळीने जिंकायच्या, तर ०.६१ × ०.६१ × ०.६१, म्हणजे सुमारे ०.२३. सरस असूनही चारांतून एकदा सुद्धा पुरते नाही! ९८ विजयांच्या डेट्रॉइटला ८५ विजयांच्या मिनेसोटाने का हरवले, हे आता वेगळे सांगायला नको.

तरीही याच नाण्यासाठी मोठी किंमत मोजलेला एक संघ आहे. २०१६ साली शिकागो कब्ज आपल्या गटात आरामात पुढे होते. त्या मोसमात त्यांनी १०३ सामने जिंकले. आपल्या आलेखाप्रमाणे ते माथ्यावरच्या सपाटीवर होते. तरी जुलैत त्यांनी अ‍ॅरोल्डिस चॅपमन हा अतिवेगवान पिचर यांकीजकडून आणला आणि ग्लेबर टोरेस या तरुणासह चौघे दिले. कब्जनी १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सीरीज जिंकलेली नव्हती. शेवटच्या, सातव्या सामन्यात चॅपमननेच आठव्या डावात बरोबरी करून देणारा होमरन खाल्ला! अखेर दहाव्या डावात कब्ज ८-७ असे जिंकले. १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली. टोरेस यांकीजकडून २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल स्टार झाला, आणि चॅपमन तर त्याच हिवाळ्यात यांकीजकडे परतला. यांकीजला मुलेही मिळाली आणि पिचरही. शिकागोतल्या लोकांना त्याचे काही वाटले असेल, असे मला वाटत नाही.

२०२२ पासून नियम बदलून तीसपैकी बारा संघ अंतिम फेऱ्यांत जाऊ लागले आहेत. त्यामुळे घाटाच्या चढावर उभ्या असलेल्या संघांची गर्दी वाढली आहे. प्रत्येकाला आपण शर्यतीत आहोत असे वाटते. विकणारे कमी, घेणारे जास्त, भाव वाढणारच. आणि भाव वाढले, की आपल्या तुलनेतील 'सोडतो दहा'चे सहज वीस होतात.

हा हिशेब तुम्हाला वर्गात करून पाहता येईल. दोघा-दोघांच्या जोड्या करा. प्रत्येकाने दहा नाणी सहा वेळा उधळायची आणि एकूण छापे मोजायचे. हे त्याच्या संघाचे ६० सामन्यांतील विजय. दोघांच्या विजयांतील फरक फळ्यावर लिहा. अशा १०० जोड्यांचे आकडे जमले, की पहिल्या संघाच्या विजयांत दोन मिळवा आणि तो किती वेळा पुढे जातो ते मोजा. बरोबरी आली तर अर्धा गुण धरा. मग चार मिळवून, दहा मिळवून, तसेच दोन, चार, दहा वजा करून मोजा. आडव्या अक्षावर मिळवलेले विजय आणि उभ्या अक्षावर शंभरांपैकी यश घेऊन आलेख काढा, आणि तो कोठे सर्वांत खडा चढतो, तिथे लाल पेन्सिलीने खूण करा.